जुनी ऑटोमॅटिक पिकअप: गिअरबॉक्स अजून किती चालेल, हे कसं ओळखायचं

मागच्या वैशाखात भर दुपारी भाचा शेडवर आला. त्याचं मंडप-डेकोरेशनचं काम आहे, जनरेटरची ट्रॉली ओढायला त्याला पिकअप हवी होती.

"मामा, एक लाख चाळीस हजार चाललीय, ऑटोमॅटिक आहे, एकच मालक. गिअर अजून किती काढेल?"

"आजवर ओढलंय काय तिने?"

"आता ते कुठे लिहिलेलं असतं?"

असतं, म्हटलं. चल, दाखवतो.

मी मूळचा बडोद्याचा. पाना धरायला प्रतापनगरला शिकलो, १९९६ ते २०१४ कुवेतला शुवेखच्या गॅरेजांच्या वस्तीत गिअरबॉक्सच्या दुकानात काढली, आणि आता माकरपुरा जीआयडीसीत माझी छोटी शेड आहे. कुवेतला पिकअपला 'वानेत' म्हणतात आणि गिअरबॉक्सला नुसतं 'गेर'. अमेरिकन वानेत म्हणजे जवळपास सगळ्या ऑटोमॅटिक, त्यामुळे अठरा वर्षं दुसरं काही उघडलंच नाही. आपल्याकडे उलटं. बोलेरो पिकअप घ्या, टाटा योद्धा घ्या, डावा पाय क्लचवर. इसुझूच्या व्ही-क्रॉसला २०१९ मध्ये सहा गिअरचा ऑटोमॅटिक आला, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली, आणि आता अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात जायला लागल्यात. घेणारे मात्र अजून इंजिनचा धूर आणि टायर बघूनच सौदा करतात.

आकडाच हवा असेल तर माझा हिशोब असा आहे. तेल वेळेवर बदललेला, माफक वजन ओढलेला टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स अडीच ते सव्वातीन लाख किलोमीटर काढतो. अमेरिकेतले लोक दीड-दोन लाख मैल म्हणतात, ते हेच. तेलाला कधी हात लावलेला नाही आणि मागे सतत ट्रेलर, असा गिअरबॉक्स दीड लाखाच्या आतच मान टाकू शकतो. जुन्या हायलक्समधला चार गिअरचा ए-३४० मी चार लाखांनंतर चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, काढून पाहिलाय. आतल्या मॅग्नेटवर नुसती राखाडी साय होती, बाकी सगळं ठणठणीत. म्हणजे किलोमीटरचा काटा अर्धीच गोष्ट सांगतो.

उरलेली अर्धी उष्णतेची. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात पंख्यासमोर पंखा ठेवल्यासारखा टॉर्क कन्व्हर्टर असतो. एक पंखा तेल फेकतो, दुसरा त्या तेलाच्या जोरावर फिरतो. दोघांच्या वेगात जितका फरक, तितकं तेल तापतं. तेच तेल पुढे गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटांना दाबून धरतं, तेच बुशांना वंगण देतं, तेच रेडिएटरपर्यंत जाऊन थंड होऊन येतं. धंद्यातला जुना ठोकताळा असा: साधं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, ऐंशी अंशांवर राहिलं तर एक लाख साठ हजार किलोमीटर टिकतं, आणि तिथून वर दर दहा-अकरा अंशांना आयुष्य निम्मं होत जातं. नव्वदला ऐंशी हजार, शंभरला चाळीस, एकशे तेराच्या आसपास वीस. आजची सिंथेटिक तेलं जास्त सोसतात, पण उताराची दिशा तीच. तेल जळलं की रबरी सील कडक होतात, सील कडक झाले की दाब गळतो, दाब गळला की प्लेट घसरते, घसरली की आणखी तापते. एकदा हे चक्र लागलं की गाडी फार काळ काढत नाही.

आता बघायचं कसं. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. कडक झालेले सील थंडीत जास्त गळतात आणि तापल्यावर थोडे फुगून बसतात, म्हणून सकाळची पहिली सुरुवात खोटं बोलत नाही.

ब्रेकवर पाय, इंजिन सुरू, आयडलिंग खाली येऊ द्या. मग पी-मधून आर-मध्ये टाका (पी पार्किंग, आर रिव्हर्स, एन न्यूट्रल, डी पुढे जायला) आणि मनात 'एक हजार एक' म्हणा. तेवढ्यात गाडीने हलकासा हिसका देऊन गिअर पकडला पाहिजे. परत एन, मग डी, पुन्हा तेच. 'एक हजार तीन' पर्यंत गेलात तर आत दाब कमी आहे. धाडकन झटका बसला तर इंजिन-गिअरचे माउंट आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉसही तपासा, कारण सगळा दोष गिअरबॉक्सचाच असतो असं नाही. इथला एक रिक्षावाला मित्र अशा वेळी म्हणतो, "काका, पकडती नथी". पण ऑटोमॅटिकमध्ये 'पकडत नाही' आणि 'उशिरा पकडते' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी ओळखता आली तर पहिलीपर्यंत जायची वेळ येत नाही.

मग तेल. तेलाची पट्टी असलेल्या गाड्यांत इंजिन सुरू, तेल गरम, जमीन सपाट, आणि आधी सगळे गिअर एकेकदा फिरवून घ्यायचे. बहुतेक गाड्यांत पी-मध्ये बघतात. जुन्या डॉज पिकअपमध्ये मात्र एन-मध्ये, कारण त्या गिअरबॉक्समध्ये पी-ला तेल कन्व्हर्टरकडे जातच नाही. नव्या हायलक्सला पट्टीच नाही. खाली ओव्हरफ्लोचा बोल्ट असतो, तेल ठरावीक तापमानाला आलं की इंजिन सुरू ठेवून तो उघडायचा आणि धार बारीक होऊन थेंबांवर आली की बंद करायचा. हे रस्त्यावर होत नाही, लिफ्ट लागते. विकणारा नको म्हणाला तर तिथेच नमस्कार करा.

चार थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि दहा मिनिटं ठेवा. डाळिंबी लाल, डाग पसरत जाऊन कडेला फिकट होतोय, तर तेल जिवंत आहे. तपकिरी पण वास तेलासारखाच, तर जुनं आहे, बदलायला हवं, घाबरायचं कारण नाही. काळं, डाग मध्येच गोळा होऊन बसलेला, आणि वास फोडणी करपल्यासारखा, तर प्लेटा जळाल्यात. आणि दुधाळ गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं असेल तर त्यात पाणी गेलंय. त्याबद्दल पुढे सांगतो.

भाच्याच्या पिकअपचं तेल तपकिरी निघालं. वास ठीक होता. विकणारे गृहस्थ सांगत होते, "शेतावर जायला घेतली होती, एक गोणीसुद्धा टाकलेली नाही." मी वाकून मागच्या बंपरखाली बघितलं. ट्रॉलीचा हुक काढून टाकलेला होता, पण चेसिसला भोकं होती चार. भोकांभोवती रंग गोल घासला गेला होता आणि वायरिंगला ट्रॉलीच्या दिव्यांचं सॉकेट अजून लटकत होतं. भाच्याला बोटाने दाखवलं, "हे बघ, इथे लिहिलंय." गृहस्थांनी विषय बदलून लस्सी मागवली.

मग चालवायची. आम्ही हालोल रस्त्याला लागलो. पहिली दहा मिनिटं हलक्या पायाने, प्रत्येक गिअर बदलताना काट्यावर नजर. आरपीएम अचानक तीन-चारशेने उडतो पण गाडीला वेग येत नाही, तर तो गिअर घसरतोय. कुठला गिअर ते लक्षात ठेवा, मिस्त्रीला तेवढ्यावरून निम्मं निदान होतं. उदाहरणार्थ, १९९३ मध्ये जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये आलेल्या ४एल६०-ई गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स, दुसरा आणि चौथा हे तिन्ही एकदम गेले तर आतला सन शेल (मधल्या सन गिअरला फिरवणारी पत्र्याची वाटी) फुटलेला असतो, हे त्या कामातला पोरगासुद्धा गाडी न उघडता सांगेल.

सत्तर-ऐंशीच्या वेगात हलका ॲक्सिलरेटर स्थिर धरा आणि डाव्या पायाने ब्रेकला जेमतेम स्पर्श करा. आरपीएम दोन-तीनशेने वर जाऊन ब्रेक सोडल्यावर परत खाली आला पाहिजे. म्हणजे कन्व्हर्टरचे दोन्ही पंखे एकत्र जोडणारा लॉक-अप क्लच लागतोय आणि सुटतोय. आरपीएम हललाच नाही तर लॉक-अप लागतच नसावा. अशी गाडी चालते छान, पण तेल सतत तापत राहतं. त्याच वेगात रेल्वे फाटकाआधीच्या पट्ट्यांवरून जाताना बसतात तसे बारीक हादरे येत असतील तर लॉक-अपची प्लेट थरथरतेय. कधी कधी हे नुसत्या तेल बदलण्याने जातं, नेहमी नाही.

जमलं तर पावागडच्या पायथ्यापर्यंत जा आणि थोडा चढ घ्या. परत आल्यावर गरम गाडीत आर आणि डी पुन्हा मोजा. थंडीत उशीर आणि गरम झाल्यावर ठीक, तर सील कडक झालेत. थंडीत ठीक आणि गरम झाल्यावर उशीर, तर पंप किंवा बुश झिजलाय, आणि ते जास्त महाग. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर जवळ असेल तर लावून घ्या. पी-०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, पी-०७४१ म्हणजे लॉक-अप लागत नाही. एकही कोड नाही आणि मेमरी आजच पुसलेली दिसतेय, तर तोही पुरावाच. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर पूर्ण द्यायची स्टॉल टेस्ट बरेच हौशी लोक करतात. पाच सेकंदांच्या वर गेलात तर चांगला गिअरबॉक्स तिथेच भाजतो. मी दुसऱ्याच्या गाडीवर ती करत नाही.

भाच्याची गाडी या सगळ्यात पास झाली. चार भोकांच्या जोरावर चाळीस हजार कमी करून घेतली.

आता घेतल्यावरचं काम, आणि इथेच लोक चुकतात. चेंबरचा बोल्ट काढून तेल सोडलं की सगळं तेल निघत नाही. त्या ४एल६०-ई मध्ये एकूण साधारण साडेदहा-अकरा लिटर तेल असतं, चेंबरमधून जेमतेम पावणेपाच निघतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. म्हणून मी तीनदा बदलतो: पहिल्यांदा चेंबर काढून, फिल्टर आणि पॅकिंगसकट, मग दोन-तीनशे किलोमीटर चालवून दुसऱ्यांदा, मग तसंच तिसऱ्यांदा, नुसता बोल्ट काढून. दर वेळी पंचेचाळीस टक्के नवं जातं असं धरलं तर तिसऱ्या खेपेनंतर जुनं तेल सतराच टक्के उरतं. निघालेलं तेल मोजायच्या भांड्यात घ्या आणि तेवढंच नवं भरा. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच.

चेंबरच्या तळाशी मॅग्नेट असतो. त्यावरची राखाडी पेस्ट बोटांमध्ये चोळा. पावडरसारखी मऊ लागली तर ती रोजची झीज, पुसून टाका. टोचली, चमकली किंवा पिवळ्या धातूचे कण दिसले तर बुश किंवा वॉशर जातोय. काळ्या चुऱ्याचा थर म्हणजे क्लच प्लेटांचं अस्तर.

तेल कुठलं, हे गाडीच्या पुस्तकात बघायचं, दुकानदाराला विचारायचं नाही. टोयोटाला टाइप टी-फोर वेगळं आणि डब्ल्यूएस वेगळं. क्रायस्लरच्या गाड्यांना एटीएफ प्लस फोर. जनरल मोटर्सला डेक्सरॉन सिक्स, जे २००५ मध्ये आलं आणि आधीच्या डेक्सरॉन थ्रीच्या जागीही चालतं. "सगळ्यात चालतं साहेब" म्हणून बिनानावाच्या डब्यातलं लाल तेल कुणी ओतू लागला तर डबा हातातून काढून घ्या.

आणि एक धोक्याची सूचना. गिअर आधीच घसरत असेल, तेल काळं आणि करपलेलं असेल, तर नवं तेल घालून तो बरा होत नाही. कुवेतला एका गिऱ्हाईकाने हट्टाने तेल बदलून घेतलं, दुसऱ्या दिवशी गाडी जागची हलेना, आणि आठवडाभर तो दुकानात येऊन माझ्या नावाने खडे फोडत होता. प्लेटा आधीच संपल्या होत्या, हे त्याला खोललेल्या प्लेटा हातात देऊनही पटलं नाही. तेव्हापासून अशा गाडीचं तेल बदलण्याआधी मी मालकाची सही घेतो.

पुढे दर चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला एक खेप. ट्रॉली ओढत असाल तर तीस हजारांना. कंपनीचं पुस्तक तेल 'आयुष्यभराचं' म्हणत असलं तरी. तेल-फिल्टरचा खर्च दहा-पंधरा हजार, गिअरबॉक्स उघडला तर माझ्याकडेच दीड लाखाच्या पुढे.

ओढायचं असेल तर रेडिएटरच्या पुढे वेगळा तेलाचा कूलर बसवा. भाच्याच्या गाडीला मी पहिल्याच आठवड्यात बसवला. बऱ्याच गाड्यांत तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतायची आपल्याकडे सवय, त्याने आत क्षार बसतात, धातू खाल्ला जातो, आणि एक दिवस ती नळी आतल्या आत फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये जातं. हा झाला मिल्कशेक. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदासारखं असतं आणि गोंदाने चिकटवलेलं असतं. पाणी लागलं की ते सुटून येतं.

पुराचंही तेच. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला, २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली, आणि दोन्ही वेळा माझ्या शेडबाहेर गाड्यांची रांग होती. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक बारीक ब्रीदर नळी असते. पाणी तिच्यावर गेलं की आत गेलंच समजा. अशी गाडी सुरू करून बघायची नाही, आधी तेल बघायचं. दुधाळ असेल तर बॅटरी काढा आणि लगेच तेल सोडा, पुन्हा भरा, पुन्हा सोडा, अगदी लाल येईपर्यंत. दोन दिवसांत आलेल्या बऱ्याच गाड्या वाचल्या. विम्याच्या माणसाची वाट बघत महिनाभर उभ्या राहिलेल्यांत गंज चढला होता. आणि पूर येऊन गेलेल्या शहरात गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. खालच्या टोकाला गाळाची रेघ सापडते.

चालवण्याच्या सवयींबद्दल थोडक्यात. उभी करताना आधी हातब्रेक, मग पी. नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका बोटभर खिट्टीवर येतं. रिव्हर्समध्ये मागे जाणारी आपली गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डी नाही. ट्रॉली असताना सर्वात वरचा गिअर बंद ठेवा, म्हणजे गाडी वरच्या दोन गिअरांत घुटमळणार नाही. उतारावर एन-मध्ये घालून पेट्रोल-डिझेल वाचवणाऱ्यांना मी काही सांगत नाही.

आमच्याकडे खरी परीक्षा गणपती विसर्जनाची. मागे मूर्ती, वर बारा पोरं, ढोल, आणि चार तास चालण्याच्या वेगाने दांडिया बाजारातून पुढे. वारा शून्य, कन्व्हर्टर सतत घसरतोय. मिरवणूक थांबली की डी-मध्ये ब्रेक दाबून बसू नका. एन-मध्ये घ्या, हातब्रेक लावा, पायाने इंजिन हजार-बाराशेवर ठेवा, म्हणजे पंप तेल फिरवत राहतो आणि पंखाही. स्कॅनरवर तेल एकशे दहाच्या वर दिसलं तर बाजूला घ्या. गणपतीबाप्पा दहा मिनिटं थांबतात.

शेवटचं टोचनचं. ऑटोमॅटिकला धक्का मारून सुरू करता येत नाही, आणि मागची चाकं जमिनीवर ठेवून टोचनही करायचं नाही. तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आत कोरडेच गिअर फिरताहेत. दहा-वीस किलोमीटरमध्ये चांगला गिअरबॉक्स संपतो. गाडी बंद पडली तर फ्लॅटबेडवर चढवा, नाही मिळाला तर प्रोपेलर शाफ्ट सोडा, चार बोल्टांचं काम आहे. हे रात्री दोन वाजता हायवेवर क्रेनवाल्याला समजावत बसायला कोणाला सुचत नाही, म्हणून भाच्याच्या गाडीत सनव्हायझरच्या मागे मी एक कागद चिकटवून दिलाय, मोठ्या गुजराती अक्षरांत: "ओटोमेटिक छे. टोचन करवुं नहीं." खाली माझा नंबर.